सायलेन्सर निवडताना

आमच्या घरात मी भित्रा म्हणून प्रसिद्ध आहे. कुकरची शिट्टी जरा लांबली तरी मी गॅसपाशी जाऊन उभा राहतो. त्यामुळे मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी धरणगावला आमच्याकडे आली, तेव्हा बायकोने मला आधीच दम भरला, "पोरले घाबरावू नका." सातवा महिना चालू होता. तिला जळगावला डॉक्टरीणबाईंकडे दाखवायला न्यायचं काम माझ्याकडे. गाडी जुनी, पेट्रोलची, आणि वैशाखातलं ऊन असं की काच बोटभर खाली केली तरी तोंडावर झळ बसायची. म्हणून काचा घट्ट लावायच्या आणि एसी सोडायचा.

त्यात गाडी गुरगुरायला लागली. सायलेन्सर फाटलाय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एरवी मी महिनाभर तशीच दामटली असती, पण पोटातलं बाळ त्या आवाजाने दचकेल, अशी एक नवीच भीती माझ्या डोक्यात शिरली. मुलीला मात्र वेगळाच त्रास होत होता. जळगाव येईपर्यंत तिचं डोकं ठणकायचं, मळमळायचं, डोळे आपोआप मिटायचे. शेजारणींपासून माझ्या थोरल्या अक्कापर्यंत सगळ्यांचं निदान एकच: ऊन लागलं. खानदेशात वैशाखात माणूस शिंकला तरी त्याला ऊनच लागलेलं असतं. तिच्या पर्समध्ये कांदा आला, बाटलीत कैरीचं पन्हं आलं, आणि आम्ही एसी आणखी वाढवला.

त्या दिवशी तपासणी दुपारी होती. आधी सायलेन्सरचं उरकू म्हणून आम्ही तिघं लवकर निघालो. जळगावात महामार्गालगतच्या दुकानासमोर गाडी लावली आणि मुलीला म्हटलं, "तू उतरू नकोस, उगाच उन्हात डोकं चढेल." इंजिन चालू ठेवलं, एसी चालू, काचा बंद. मी आणि बायको दुकानात शिरलो.

दुकानदार मारवाडी, पण तीन पिढ्या इथल्याच. त्याने दोन सायलेन्सर पुढ्यात ठेवले. एक कंपनीचा, एक लोकल. "लोकल एखादा पावसाळा काढेल," तो म्हणाला. "जुन्यालाच वेल्डिंग मारून देऊ म्हणाल तर देतो. पण पत्रा सडला असला की आज इथे जोडा, उद्या तिथे फाटतो." मी दोन्ही उचलून पाहिले, बोटाने वाजवून पाहिले. वाजवून काय कळतं ते देव जाणे, पण मडकं घेतानाही आपण वाजवतोच. मग विचारलं, "सगळ्यात कमी आवाज कशाचा? घरात बाळ येणार आहे."

"भाऊ, ट्रकच्या रस्त्यावर राहतो आपण," तो हसून म्हणाला, "बाळाला पोटातच सवय झाली असेल."

तरी मी आपला पुन्हा लोकल उचलला. बायको कावली. "काय आवाज-आवाज करी ऱ्हायनात! पोरनं डोकं गाडीमा बठनी का दुखस, खाले उतरनी का बरं व्हस. ऊन लागेल माणूस उनमा बरा व्हस का?"

गाडीत बसली की दुखतं आणि उतरली की थांबतं, हे ऐकून दुकानदाराचं हसू गेलं. त्याने बाहेर गुरगुरणाऱ्या गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडीत आत्ता कोणी बसलंय का?"

मी हो म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला कळलं. तोवर बायको पळत सुटली होती.

दार उघडलं तर आत गार होतं. तो गारवा आठवला की आजही अंगावर काटा येतो. मुलीची मान खिडकीकडे कलली होती आणि हात पोटावर होता. हाक मारली, गालावर थापट्या मारल्या, ती उठेना. दुकानदाराने आणि मी तिला उचलून भर उन्हात आणलं, ज्या उन्हापासून आम्ही तिला इतके दिवस जपत होतो. बऱ्याच वेळाने तिने डोळे किलकिले केले. "नाना, झोपू द्या ना," म्हणाली आणि तिथेच उलटी केली.

रिक्षा करून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी तोंडाला ऑक्सिजन लावला. गाडीचा धूर खालून आत शिरत होता, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, पोटुशीला तो आधी बाधतो, असं त्या काहीसं सांगत होत्या. "आई सावरेल," त्या म्हणाल्या. "बाळाचं बघू." पोटावर यंत्र फिरू लागलं. नुसती खरखर. इकडे खरखर, तिकडे खरखर. आयुष्यभर मी ज्याला भीती म्हणत आलो ती नुसती खोड होती, हे मला त्या खोलीत कळलं. मला देवाचं नावसुद्धा आठवेना. मग त्या खरखरीतून घोडं दुडदुडत यावं तसे ठोके आले. बायको भिंतीला टेकून रडली. मला रडूही आलं नाही, मी नुसते ठोके मोजत राहिलो.

दोन दिवस तिला ठेवून घेतलं. दुकानदाराचा फोन आला, "भाऊ, गाडीच्या तळाचा पत्रा सडला होता, तो बदलतोय. सायलेन्सर कोणता बसवू?"

"जो कधी फाटणार नाही तो."

"असा कोणी बनवत नाही, भाऊ," तो म्हणाला. शेवटी कंपनीचा बसवला.

घरी निघताना मी म्हणत होतो, तुम्ही दोघी एसटीने जा. मुलगी ऐकेना. "मी तुमच्याच शेजारी बसणार," ती म्हणाली, "नाहीतर तुम्ही पुन्हा गाडीला हात लावणार नाही." चारही काचा खाली केल्या, एसी बंद. तोंड भाजून निघत होतं. गाडीचा आवाज मुळीच येत नव्हता आणि त्याने मला जास्तच भीती वाटत होती. मी दर थोड्या वेळाने विचारायचो, "जागी आहेस ना?" ती म्हणायची, "हो, नाना." मागून बायको म्हणायची, "गप चालवा."

एकदा मी विचारलं आणि उत्तर आलं नाही.

मी कचकन ब्रेक दाबला आणि गाडी कडेला घेतली. बायकोने पुढे वाकून तिच्या नाकाशी हात धरला. "झोपनी शे," ती हळूच म्हणाली, "साधी झोप शे." श्वास चालू होता, कपाळावर घाम होता. मी इंजिन बंद केलं. तिला उठवायची हिंमत झाली नाही आणि गाडी सुरू करायचीही. मग ती आपणहून जागी होईपर्यंत आम्ही दोघं त्या उन्हात तिच्या पोटाकडे बघत बसून राहिलो.