चाकाखालचं लिंबू

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या चार्जिंग स्टेशनवर एक मराठी तरुण मला दर शनिवारी दिसायचा. आपली इलेक्ट्रिक गाडी वळणावर झुलू नये म्हणून तो स्वतःच कडक स्प्रिंग टाकायचा, रुंद टायर लावायचा आणि प्रत्येक बदलानंतर चाकाखाली लिंबू चिरडायचा.

एकदा म्हणाला, "बसा ना काका, एक राउंड मारू."

हायवेच्या वळणदार रॅम्पवर त्याने ब्रेक लावलाच नाही. माझा पाय मात्र नसलेला ब्रेक दाबत राहिला. गाडी रस्त्याला चिकटून वळली.

परतल्यावर मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"गाडीला वाटत नाही ना काका, म्हणून मलाच घाबरावं लागतं."

त्याने माझ्या बाजूच्या चाकाखाली नवं लिंबू ठेवलं आणि विचारलं, "अजून एक राउंड?"