दोरीवरची ओली चिठ्ठी

परवा कपड्यांचे जुने लाकडी चिमटे हाती लागले आणि त्यांच्या साबणाच्या वासासरशी आमची कोथरूडची पहिली जागा आठवली. तेव्हा मी आठवडाभर आयटीत नोकरी करायचो आणि रविवारी मित्रांबरोबर मराठीत लिहायचं एक मोफत सॉफ्टवेअर घडवायचो, ज्याचा कोड कुणीही बघावा, सुधारावा. राहिलेली कामं मी विसरतो म्हणून बायकोने प्रत्येक कामाची चिठ्ठी बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने लावायला सांगितलं. काम झालं की चिठ्ठी काढायची. मी कोड लिहून उठलो की मोठ्या ऐटीत चिठ्ठी काढायचो. 'छपाई'ची चिठ्ठी मात्र मी काढावी आणि तिने परत लावावी, असं चाललं होतं. "अहो, ओली आहे अजून," ती म्हणायची, कारण पडद्यावर सुरेख दिसणारी मराठी कागदावर नुसते चौकोन होऊन उतरायची. अशातच एक रविवार आला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या आईच्या पंचाहत्तरीची निमंत्रणं वाटायची होती. "तुमच्याच सॉफ्टवेअरमधून काढा. नाही जमलं तर चौकोनांनाच जेवायला बोलवू," म्हणत ती भाजी निवडायला बसली. मी दुपारभर कोड उसवून पुन्हा शिवला. संध्याकाळी प्रिंटर कुरकुरला आणि सासूबाईंचं नाव काना-मात्रेसकट कागदावर उतरलं. बायकोने ते वाचलं, पुन्हा वाचलं, मग स्वतः चिमटा उघडून चिठ्ठी माझ्या हातावर ठेवली. "वाळली," ती म्हणाली. मी गावभर निमंत्रणं मिरवली. हे ऐकून मित्रांनी तेव्हा आमच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी नियमच केला की चिठ्ठी काम करणाऱ्याने नाही, वापरणाऱ्याने काढायची, आणि तो आजही पाळला जातो. आमच्या घरच्या दोरीवर 'गळका नळ' मात्र अजून लटकतोय.