आभाराचा कागद

आमच्या घरात पन्नास वर्षांत कुणी कुणाचे आभार मानले नव्हते आणि सगळे सुखात होते.

ही सुस्थिती मी बिघडवली. मी उंद्रीजवळच्या एका शाळेचा मुख्याध्यापक. गेल्या वर्षी आम्हा मुख्याध्यापकांना बुलढाण्याला सकारात्मक मानसशास्त्राचे दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. माणसाच्या उणिवा मोजण्याऐवजी गुण पाहावेत, कौतुक मोघम न करता नेमके करावे, आणि ज्याचे उपकार आहेत त्याला पत्र लिहून ते समोर बसून वाचून दाखवावे. म्हणजे शाळा आणि घर दोन्ही आनंदी होतात, असे प्रशिक्षक म्हणाले. मला ते मनापासून पटले. (मला प्रशिक्षणात सगळेच पटते. हा माझा जुना दोष आहे.)

पहिला प्रयोग शाळेत केला. "गणपतराव, तुम्ही घंटा अगदी वेळेवर देता," मी शिपायाला म्हणालो.

तो पांढराफटक पडला. "काऊन सर? कोनी तक्रार केली काय माही?"

येथेच मी थांबायला हवे होते. पण पत्रासाठी मी दादाला आधीच निवडले होते. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मला चिखलीला शिकता यावे म्हणून त्याने सातवीत शाळा सोडली आणि शेत धरले. आजही आमची जमीन एक, चूल एक. या माणसाला मी कधी एक बरा शब्द बोललो नव्हतो, याची मला खरोखर लाज वाटली. मी दोन पाने लिहिली, आणि सोमवारी सकाळी दादा म्हशीखाली धार काढत बसलेला असताना उभ्याने वाचू लागलो.

"आदरणीय दादा, आजवर आपण माझ्यासाठी जे केले, त्याची परतफेड या जन्मी शक्य नाही..."

धार थांबली. म्हशीनेही मान वळवून पाहिले.

"'आपण' कोनाले म्हनून राह्यला बे?"

"तुलेच. आईक ना पुढं!"

मी शेवटच्या ओळीशी आलो. ती ऐकायच्या आतच दादा उठला आणि निम्मे दूध सांडत घरात निघून गेला. समोरचा माणूस भारावून जातो, असे प्रशिक्षकांनी सांगितलेच होते!

मला जे ठाऊक असूनही आठवले नाही, ते असे: आमच्या काकांनी पन्नास वर्षांपूर्वी वडिलांसमोर असाच गोड कागद वाचला होता, आणि त्याच्या शेवटच्या ओळीत वाटणी मागितली होती. तेव्हापासून आमच्या घरात कागद चालतो, गोड बोलणेही एक वेळ चालते. दोन्ही एकदम चालत नाहीत.

संध्याकाळी शाळेतून आलो, तर ओसरीवर सतरंजी अंथरलेली. तिच्यावर गावातले दोन वडीलधारे. बीबी गावाहून तातडीने आलेली आमची थोरली बहीण, अक्का, डोळ्यांना पदर लावून बसलेली. दारात वहिनी आणि माझी पत्नी. पत्राची वार्ता ऐकून सगळे जमले, असे मला वाटले. कुटुंबाने एकत्र बसून मन मोकळे करावे, हा प्रशिक्षणातला पुढचाच पाठ होता!

"मी या दिवसाची किती वाट पाहून राह्यलो होतो!" मी आनंदाने म्हणालो.

अक्काने हंबरडा फोडला.

"दाबून नोका ठेवू," मी समजावले. "एकेकानं बोला. मंग सगळ्याईले हलकं वाटन."

"लाज नाही वाटत बे तुले?" अक्का ओरडली. "अन् वरतून हासते!"

दादाने मात्र शांतपणे विचारले, "बाळू, विहिरीकडचं वावर घेतं का रस्त्याकडचं? तू लहाना, पयले तू सांग. दोन म्हशी तुह्या, दोन माह्या. फक्त चूल येवढ्यात वेगळी नोको मांडू. तुह्या वहिनीले सहन नाही होनार."

माझे (प्रशिक्षणात शिकलेले) स्मित ओठांवरच गोठले.

"अहो, वाटनी मांगतली म्हने तुमी!" पत्नी दारातून कडाडली. "मले इचारलं बी नाही! सकाळपासून आमी दोघी जावा गळ्यात पडून रडून राह्यलो!"

मी खिशातून पत्र काढून एका वडीलधाऱ्यापुढे धरले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पाने वाचली.

"याच्यात तं मांगनी नाही काही."

"मांगच्या बाजूनं पाहा," दादा म्हणाला.

"मांगच्या बाजूनं बी आभारच हाय!"

दादाने पाने स्वतः उलटून पाहिली. मग त्याने सकाळपासून कोंडलेला श्वास सोडला.

"मंग लिवलं काऊन बे हे?"

"तुहे आभार मानाले."

"माहे आभार? मी काय कुठी चाल्लो होतो?"

अक्काने माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि रडण्याचा उरलेला भाग हसून संपवला. वहिनी पिठले टाकायला आत पळाली. दादा दुपट्ट्याने बराच वेळ तोंड पुसत राहिला. (उकडून राह्यलं, म्हणाला. थंडीचे दिवस होते.) मला मात्र त्या सुटकेतही वाईट वाटत होते. चार बरे शब्द मी इतकी वर्षे अडवून ठेवले होते, की ते अखेर बाहेर पडले तेव्हा माझ्या सख्ख्या भावाला ते ओळखू आले नाहीत.

जेवताना दादाने निकाल दिला. "खरंच आभार मानाचे असन, तं उद्यापासून गोठा झाडत जा. कागद नोको."

पुढे महिन्याभराने प्रशिक्षणाचा अभिप्राय-अर्ज आला. त्यात प्रश्न होता : 'कृतज्ञतेच्या सरावाला आपण रोज किती वेळ देता?' मी प्रामाणिकपणे लिहिले : पाऊण तास. म्हशीने शेणाची टोपली लाथाडली, तर एक.