राणीछाप रुपयाचं पदक

मालन चारकोपला राहायला आली तेव्हा नवरा दशरथ सोबत होता. संपानंतर त्याची गिरणी पुन्हा उघडली नाही. वर्षभर त्याने मिळेल ते काम केलं आणि मग "कलमांकडे बघून येतो" म्हणून देवगडला गावी गेला. त्यानंतर आंब्याचे दोन मोसम झाले. तो काही आला नाही.

मूलबाळ नव्हतं. मालाडच्या एका खोट्या दागिन्यांच्या व्यापाऱ्याकडून मणी ओवायचं काम मालन घरी आणायची. ओवता ओवता दिवस मावळायचा आणि तोंडातून एक शब्द निघालेला नसायचा. भाजीवाल्याशी बोलताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटायचा.

एकदा माल पोचवायला गेली, तर व्यापाऱ्याने भिंतीवर परदेशी मासिकातलं पान चिकटवलेलं. त्यातल्या बाईच्या गळ्यात बारीक साखळी, साखळीत एक जुनं नाणं, नाण्याभोवती पिळाच्या तारेची कड.

"मोठ्या डिझायनरचं आहे," व्यापारी म्हणाला. "आपल्याकडे कोण घालणार असलं?"

मालन बघत राहिली. दुसऱ्यांसाठी तिने ढीगभर माळा ओवल्या होत्या. तिच्या गळ्यात मंगळसूत्राशिवाय काही नव्हतं.

घरी येऊन तिने आईने दिलेला राणीछाप रुपया ट्रंकेतून काढला. रांगोळीने घासला तशी राणीच्या केसांची वळणं उजळली. त्याला भोक पाडायचं तिच्या जिवावर आलं. मग पितळी तारेचे दोन पदर पिळून तिने नाण्याभोवती कडं केलं. गळ्याशी धरलं तर नाणं निसटून खाटेखाली गेलं. दुसऱ्या खेपेला तिने कड्याला चार बारीक आकडे ठेवले, नाणं बसवून ते पकडीने हळूच आत दाबले, वर कडी केली आणि साखळी ओवली. आरशात बघितलं. छान दिसत होतं. पण कुणाला दाखवायचं, ते सुचेना.

घाटकोपरला सासरचं लग्न निघालं, तेव्हा ती ते घालून गेली. बायकांच्या घोळक्यात दशरथच्या आत्याने नाणं बोटांत धरलं.

"बरा असा गो. दशरथान धाडल्यान काय?"

"होय," मालन म्हणाली. शब्द आपसूक निघून गेला. बायका कौतुकाने एकमेकींकडे बघू लागल्या आणि मालनचा चेहरा तापला.

मोठी जाऊ वसुधा पंगतीत वाढत होती. तिने ऐकलं. जेवणं झाल्यावर तिने मालनला हात धुवायच्या नळाशी गाठलं.

"खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू, वहिनी? माझं मीच केलं म्हणू?"

"म्हण की." वसुधाने नळ बंद केला. "मालन, भावोजी येणार नाहीत गं आता. तिथं दुसरीबरोबर बिऱ्हाड केलंय त्यांनी. हे गावी गेले होते तेव्हा बघून आले. तुला सांगायला माझी जीभ रेटत नव्हती."

मालनला रडू आलं नाही.

"वाटलंच होतं," ती एवढंच म्हणाली.

मग ती परत आत्यापाशी गेली. "आत्या, ह्यांनी नाही पाठवलं. मी घरी केलंय."

आत्याने तिच्याकडे पाहिलं, नाणं उलटून मागची तार पाहिली. "हातान केलंस?" म्हणाली आणि तिला शेजारी बसायला जागा करून दिली. पुढे कुणी काही विचारलं नाही.

चारकोपला घर तसंच होतं, गप्प. पण महिन्याभरात मालनने घरी माल आणणं सोडलं. रोज मालाडला जाऊन ती त्याच व्यापाऱ्याच्या कारखान्यातल्या बायकांत ओवायला बसू लागली. त्या सासवांविषयी, पाण्याविषयी, सिनेमाविषयी बोलायच्या. मालन फारसं बोलायची नाही. ऐकत बसायची, आणि कुणी नवऱ्याची चौकशी केली तर "गावी असतो, दुसरीबरोबर" असं सरळ सांगून पुढचा मणी उचलायची.