चित्राची बुबुळं

गाडीत बसल्याबरोबर चित्रा प्रत्येक मुलाला नावाने हाक मारायची आणि मागून ओ आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. कासार आंबोलीहून पिरंगुटच्या शाळेत मुलं नेणारी व्हॅन ती चालवायची. मी त्याच शाळेत शिकवते, म्हणून पुढची सीट माझी. तिचं वय जेमतेम पंचविशीचं, पण आवाज असा की मागे हाणामारी करणारी पोरं गप्प व्हायची. "भांडायचं तर घरी जाऊन भांडा. हितं माझी गाडी हाय," एवढंच म्हणायची.

तिच्या चष्म्याचा नंबर सारखा बदलायचा. डोळ्यांना कायम खाज. गाडी थांबली की दोन्ही मुठींनी डोळे कराकरा चोळायची. "धूळ लई हाय बाई ह्या रोडला." रस्त्याचं काम चालूच होतं, त्यामुळे मलाही ते पटायचं.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी निघायला उशीर झाला. अंधारून आलं होतं आणि समोरून ट्रकची रांग येत होती. चित्राने वेग कमी केला, आणखी कमी केला आणि एका गॅरेजसमोर गाडी कडेला घेऊन बंदच केली. मागे मुलं गाणी म्हणत होती. ती माझ्याकडे झुकून पुटपुटली, "बाई, एका दिव्याचे चार-चार दिसत्यात. खरी गाडी कुटली, समजंना मला."

मागे वळून मुलांकडे बघायचं धाडस होईना. "गाडी तापलीय रं, बसा गप," तिने मुलांना सांगितलं आणि चुलतभावाला फोन करून बोलावून घेतलं. मुलं त्याने घरोघरी पोचवली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः प्रत्येक पालकाच्या दारात गेली. "माझ्या डोळ्यात कायतरी दोष हाय. पोरं माझ्यासंगं धाडू नका."

पुण्यात डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर तिच्या बुबुळांचा रंगीत नकाशा काढला. आजाराचं नाव केराटोकोनस. "बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतोय," त्या म्हणाल्या. "म्हणून सगळं वेडंवाकडं दिसतं. तरुण वयात बऱ्याच जणांना होतं हे. चोळल्याने वाढतं."

"आंधळी व्हईन का मी?"

"पूर्ण आंधळेपणा सहसा येत नाही. पण वाढतच गेलं, तर बुबुळ बदलावं लागू शकतं."

उपाय होता. औषधाचे थेंब घालून डोळ्यावर अतिनील किरण सोडायचे, म्हणजे पडदा घट्ट होतो. गेलेली नजर त्याने परत येत नाही, फक्त आजार तिथल्या तिथे थांबतो. नीट दिसण्यासाठी नंतर कडक लेन्स घालायची. तिचा उजवा डोळा बराच बिघडला होता, डाव्यात नुकती सुरुवात होती.

"जास्त दिसणार न्हाई, तर चांगल्या डोळ्याला कशापायी हात लावायचा?" तिचे वडील म्हणाले. तिची आई मला हळूच सांगून गेली, पोरगी आलटूनपालटून एकेक डोळा झाकून अंगणात चालून बघते. मग एका सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. "चला बाई. हाय तेवढं तरी राहू दे."

आधी उजव्या डोळ्याच्या पापण्या चिमट्याने उघड्या धरून त्यावर किरण सोडले. बाहेर आल्यावर तिने माझा हात घट्ट धरला. "भ्या वाटलं की माणूस डोळं मिटतं. तितं मिटायचीबी सोय न्हाई, बाई." पुढे काही दिवस डोळ्यात निखारा ठेवल्यासारखी आग होत होती. झोपेत हात डोळ्याकडे जाऊ नये म्हणून आई तिचं मनगट धरून झोपायची. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तर काय होणार ते ठाऊक होतं, म्हणून भीती जास्तच. तरी गेली.

लेन्स बोटावर घेतली की तिला घाम फुटायचा, पण जमलं. दिवसा गाडी चालवायला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तरी मुलांची व्हॅन तिने परत हातात घेतली नाही. पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरला लागली. स्थळ आलं तेव्हा मावशीने गप्प राहायला बजावलं होतं. चित्राने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि पाहुण्यांना सांगून टाकलं, "माझी बुबुळं कमजोर हायेत. मागनं बोलायचं न्हाई." मुलाने तिथेच होकार दिला. ती लग्न होऊन साताऱ्याकडे गेली.

वर्षभराने फोन आला. "बाई, दिवस गेलेत. डॉक्टर म्हणत्यात, ह्या दिवसांत ते परत वाढू शकतं. बाळाचं तोंड तरी दिसंल ना मला?"

तपासणी चुकवू नकोस, एवढंच मी म्हटलं. प्रत्येक तपासणीनंतर ती फोन करायची. डावा डोळा होता तसाच राहिला. उजव्यात थोडी वाढ झाली.

मुलगी झाल्याचं तिने स्वतःच कळवलं. मी आधी डोळ्यांचंच विचारलं.

"उजवीकडची लेन्स बदलायची हाय. तवर लांबचं पुसट दिसतंय," ती म्हणाली. मागे बाळ रडत होतं. "पर हिला अशी नाकाशी धरली ना बाई, की दिसतंय. पापण्यासुदिक दिसत्यात."