हिरव्याखालचा हिरवा

दापोडीचे चांदभाई रंगारी मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी मुलीआधी तिच्या दाराची चौकट नखाने खरवडून पाहिली, असं त्यांची बायको ताजुन्निसा सांगायची. त्यात थोडा मीठमसाला असेल. पण जुन्या रंगाची जात कळल्याशिवाय त्यावर नवा रंग चढवायचा नाही, हा चांदभाईंचा नेम रोज्यासारखा कडक होता. आधी पात्याने बोटभर जागा थराथराने उकलायची, तिथे टर्पेंटाइनची चिंधी दाबून ठेवायची, एक विडी ओढायची, मग चिंधी बघायची. स्वच्छ निघाली तर डबा उघडायचा. मळली तर सगळं लाकडापर्यंत खरवडायचं, मग तो टांगा असो की पाटलाचा पलंग. "माणूस खोटं बोलेल, चिंधी नाही बोलत," असं ते म्हणत.

हा नेम त्यांनी जन्मात एकदाच मोडला. तळवड्याच्या कोंडाजीसाठी.

कोंडाजी इंद्रायणीवर नाव चालवायचा. वयाने धाकटा, पण दोस्ती वीस वर्षांची. ईदचा शीरखुर्मा तळवड्याला जायचा आणि तिकडचा पहिला हुरडा दापोडीला यायचा. तुळशीचं लग्न लागलं आणि कोंडाजीच्या लेकीचं ठरलं. वऱ्हाड पलीकडच्या काठावरून नावेत बसून येणार, आणि हातात दिवस चार. चांदभाईंनी पातं काढलं तसा कोंडाजीने त्यांचा हात धरला.

"खाली निस्तं जवसाचं त्याल हाय. आता आमच्या बोलण्यालाबी चिंधी लावनार व्हय?"

चांदभाई ओशाळले. चिंधी खिशात गेली. हिरव्या रंगात नेहमीची चिमूटभर पिवडी, ती पिवळी माती, घालून त्यांनी नाव रंगवली आणि तोंडावर एक मासोळी काढली.

पुढे त्यांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात काम लागलं आणि शिफ्टपायी तळवडं राहून गेलं. पण बाजाराला आला की कोंडाजी न चुकता भेटायचा आणि न चुकता सांगायचा, रंग जसाच्या तसा हाय, नाव अजून नवरीवानी दिसतीया. चांदभाई हे चहाच्या हॉटेलात इतक्यांदा सांगत, की ते पायरी चढताना दिसले की मालकच विचारायचा, "काय भाई, नवरी बरी आहे ना?"

असं दोन वर्षं चाललं. मग एका वैशाखात रजा काढून चांदभाई सायकलने तळवड्याला गेले, नावेला नवा हात द्यायला. नाव काठावर पालथी घातली होती. मासोळी जरा लठ्ठ वाटली. दोन वर्षं नदीत राहिली, खाल्लं असेल काहीबाही, म्हणून ते स्वतःशीच हसले. रंग आपल्याच हातचा, तपासायची गरज नव्हती. पण हात सवयीचा गुलाम; त्याने पातं चालवलंच.

वर हिरवा. त्याखाली लाल अस्तर निघालं. चांदभाई लाल अस्तर कधीच लावत नसत. लालाखाली पुन्हा हिरवा, चिमूटभर पिवडीचा, त्यांचा स्वतःचा, आणि आटलेल्या तळ्यासारखा भेगाळलेला. त्यांनी चिंधी दाबली, विडी पेटवली. विडी हातातच विझली. चिंधी काळीकुट्ट निघाली.

कोंडाजी ताकाचा तांब्या घेऊन आला. चिंधी पाहून तिथेच खाली बसला. मग एकेक बाहेर आलं. खाली डांबर होतं. सांगितलं असतं तर चांदभाईंनी आठ दिवस खरवडलं असतं आणि लग्न होतं चार दिवसांवर. होळीपर्यंत डांबर फुटून वर आलं. मग चाकणचा एक रंगारी बोलावला, तशीच मासोळी काढ म्हणून बजावलं.

"तुमास्नी वाईट वाटू ने, म्हून," कोंडाजी म्हणाला.

चांदभाईंनी लठ्ठ मासोळीवर बोट ठेवलं.

"डांबराचं समजलं, कोंडाजी. पोरीचं लग्न होतं. पण दोन वर्षं माझ्यासमोर उभं राहून तू कौतुक करत होतास, ते कुणाच्या रंगाचं?"

ताक तसंच राहिलं.

पुढचे आठ दिवस दोघांनी शेजारी बसून नाव लाकडापर्यंत खरवडली. बोलणं झालं ते पात्याच्या धारेपुरतं. कोंडाजीच्या बायकोने, सोजराबाईने पाठवलेली भाकरी चांदभाईंनी खाल्ली, कारण अन्नावर राग काढू नये. पण दुसरी मागितली नाही. नवा हिरवा चढला. मासोळी मात्र त्यांनी काढली नाही.

निघायच्या दिवशी कोंडाजी नावेभोवती फिरून आला आणि म्हणाला, लई झ्याक झालंय. हेच शब्द, याच तोंडून, चांदभाई दोन वर्षं ऐकत आले होते. त्यांनी सायकलला ब्रश बांधले, खिशातून एक कोरी चिंधी काढली आणि कोंडाजीच्या हातात ठेवली.

"पावसाळा संपला की ही टर्पेंटाइनमध्ये बुडवून रंगावर दाब. जशी निघेल तशी दापोडीला घेऊन ये. तू स्वतः काही सांगू नकोस."

कोंडाजीने चिंधीची नीट घडी घातली आणि मुंडाशात खोचली.