एक्केचाळीस रेषा

रेषाबाईंनी ‘साधारण’ हा शब्द कधी वापरल्याचं मला आठवत नाही. कुणी म्हणालं, “साधारण तीसेक असतील,” की सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता त्या विचारायच्या, “तीस की एकतीस रे? मोजलंस की नाही?”

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अंधेरीच्या एका लहान प्रयोगशाळेत आम्ही दोघं शेजारी बसून उल्कापाषाणांतले स्फटिक तपासत असू. उल्कापाषाण म्हणजे बहुधा लघुग्रहाचा तुटून इथे पडलेला तुकडा. त्यातले काही स्फटिक कधीकाळी त्या लघुग्रहावर उघडे पडलेले असतात. तिथे हवा नाही, म्हणून सूर्याकडून येणारे कण थेट खनिजात घुसतात आणि त्याची आतली घडण बिघडवतात. स्फटिक घासून रसायनात उकळला की त्या वाटा बारीक रेषांसारख्या दिसतात. उघड्या कडेला दाट, आत विरळ. कडेपासून ठरलेल्या चौकटींतल्या रेषा दोघांनी वेगवेगळ्या मोजायच्या, एकमेकांना न सांगता. या कामावरूनच बाईंना ते नाव पडलं.

बाई मरोळ गावठाणातल्या, शेती असलेल्या ख्रिस्ती घरातल्या. “आमच्या बांधावरचे दगड वरून काळे, फोडले की आतून गोरे,” त्या म्हणायच्या. “हेही तसलेच. उघड्यावर राहायचं म्हणजे कातडी देऊन राहायचं.” माझ्या काटेकोरपणाची त्या चेष्टा करत. “मुलगी बघायला गेलास की तिचे दात मोजू नकोस हां!”

तीन वर्षं आमचे आकडे जुळत आले. मग एक नवा पाषाण आला. त्यातल्या एका मोठ्या स्फटिकाचे चार काप केले. पहिल्या कापात माझ्या एकशे अठरा रेषा, त्यांच्या एक्केचाळीस. पुढच्या तिन्ही कापांतही त्यांचा आकडा असाच कमी.

“मला दिसल्या तेवढ्याच लिहिल्या रे,” बाई म्हणाल्या. “एकदा दोघं मिळून बघू या ना. तू बघ, लगेच मी बघते.”

“बाई, चारही वेळा फरक आलाय,” मी म्हणालो आणि कागद साहेबांपुढे ठेवला. बाईंनी नुकताच जाड चष्मा घेतला होता. साहेबांनी त्यांना स्टोअरमध्ये बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायला बसवलं. काही महिन्यांनी त्या नोकरी सोडून गेल्या.

वर्षभराने तेच काप पुन्हा काढले तेव्हा माझ्या हातून पहिल्या कापाची काच सूक्ष्मदर्शकाखाली उलट्या टोकाने बसली. सवयीने मोजलं. एक्केचाळीस.

बाई डावखुऱ्या होत्या. काच नेहमी उलट बाजूने सरकवायच्या, त्यामुळे त्यांची मोजणी माझ्या विरुद्ध कडेपासून सुरू व्हायची. आधीचे स्फटिक लघुग्रहाच्या मातीत उलटेपालटे झालेले, सगळ्या कडांना सारखाच मारा. म्हणून आकडे जुळायचे. हा मात्र हललाच नव्हता. त्याची एकच बाजू सूर्याकडे राहिली होती. त्यांचा डावा हात मी तीन वर्षं रोज पाहिला होता.

तरी मी लगेच गेलो नाही. उरलेले तीन काप दोन्ही बाजूंनी मोजले. मग जुन्या काचा काढल्या. सगळं जुळल्यावर मरोळला गेलो.

दार त्यांच्या बहिणीने उघडलं. बाई जाऊन दहा दिवस झाले होते. छातीत दुखलं आणि संपलं.

“शेवटी तांदूळसुद्धा शेजारणीकडून निवडून घ्यायची,” बहीण सांगत होती. “डॉक्टर म्हणाला, डोळे चांगले आहेत. हिला पटेना. म्हणे, डॉक्टर अंदाजाने बोलतो, तिथे चार वेळा मोजून निघालंय.” मग तिने विचारलं, “खरंच गेले होते का रे तिचे डोळे?”

“नाही. त्यांचे आकडे बरोबर होते. चूक माझी होती.”

“कधी कळलं तुला?”

“तीन आठवडे झाले.”

“मग आला का नाहीस?”

“खात्री करून घेत होतो,” मी म्हणालो.